तुम्ही एकदाच खाल्लेलं अंडं

मॅडम,

काल शहरात एका सभागृहात एका तरुण मुलाचं भाषण ऐकलं. विषय होता कोंबडीच्या अंड्यातून सर्पदंशावरचं औषध. मुलगा हुशार होता, पडद्यावर रंगीत चित्रं झरझर येत होती, आणि तो असा बोलत होता की जणू ही कल्पना जगात पहिल्यांदा त्यालाच सुचली. मला राग आला नाही. पेठ रोडच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये आपण काय करत होतो हे कुणाला ठाऊक असायचं कारणच नाही. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हात वर करून विचारलं, "म्हणजे रोज दोन अंडी खाल्ली की सापाची भीती नाही म्हणा की." सगळं सभागृह हसलं. तो मुलगाही हसला आणि म्हणाला, नाही हो काका, पोटात गेलं की सगळं पचून जातं. मी उठून बाहेर आले. शेजारच्या बाई मागोमाग आल्या, काय होतंय विचारू लागल्या, तर मी उकडतंय म्हणून सांगितलं. आत एसी चालू होता. आज रविवार आहे, घरातली मंडळी बाहेर गेली आहेत, आणि मी तुम्हाला लिहायला बसलेय. तुमच्याशी हे बोलायचं राहून गेलं असं मी म्हणणार नाही. राहून गेलं नाही, मी बोलले नाही. या दोहोंत फरक आहे, आणि असले फरक करायला तुम्हीच मला शिकवलंत.

तुमच्याकडे आले तेव्हा एम.एस्सी. होऊन मी घरी बसले होते. बाबा ओझरला विमानाच्या कारखान्यात, त्यामुळे आमच्या घरी नोकरी म्हणजे सकाळची कंपनीची बस आणि दुपारचं कॅन्टीन. कोंबड्यांना सापाचं विष टोचणं ही नोकरी असू शकते हे आईला शेवटपर्यंत पटलं नाही. मुलगी लॅबमध्ये आहे, एवढंच ती शेजारी सांगायची. मुलाखतीत तुम्ही एकच प्रश्न विचारलात, "सापाची भीती वाटते का?" मी म्हटलं, वाटते. "बरं झालं. न वाटणारी माणसं मला शेडमध्ये नकोत." मला वाटलं माझ्या प्रामाणिकपणाचं चीज झालं. नंतर कळलं, अर्ज करणारी मी एकटीच होते.

पहिल्याच दिवशी तुम्ही टेबलावर एक अंडं ठेवलंत आणि शाळेतल्या मुलीला सांगावं तसं मला सगळं सांगितलंत. सर्पदंशावरचं औषध घोड्याच्या रक्तातून येतं. घोड्याला विष थोडं थोडं टोचत गेलं की त्याचं रक्त विषाशी लढायला शिकतं, मग ते रक्त काढून त्यातून औषध करतात. औषध खरंच आहे, लाखोंचे जीव त्यानेच वाचलेत. पण काही माणसांचं शरीर घोड्याचं ते रक्त सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, थंडी भरते, श्वास कोंडतो, आणि सापातून वाचलेला माणूस सुईत जातो. तुमचा धाकटा भाऊ लहानपणी असाच गेला होता, हे तुम्ही सांगितलं नाहीत. ते मला पुढे तुमच्या आईंकडून कळलं. कोंबडीलाही तेच शिकवता येतं, तुम्ही म्हणालात, आणि कोंबडी जे शिकते ते आपल्या पिल्लासाठी बलकात ठेवून देते. "घोड्याकडून ओरबाडून घ्यावं लागतं. ही रोज सकाळी आपणहून आणून देते. आपण फक्त नीट मागायला शिकायचं." तुमच्या तोंडून एवढं गोड वाक्य त्यानंतर मी फार कमी वेळा ऐकलं.

कारण तुम्ही कडक होतात. नाकावर माशी बसू देत नव्हतात. हसणं तर असं होतं की तुमच्या हसण्याची वाट बघणं आम्ही सोडून दिलं होतं. बलक काढायच्या खोलीत कुणी गाणं गुणगुणलेलं चालत नसे. अंडं फोडायचं, पांढरं वेगळं करायचं, बलक टिपकागदावर हलकेच लोळवायचा म्हणजे चिकटलेलं पांढरं निघून जातं, मग त्याची पातळ कातडी टोचायची आणि आतलं तेवढं नळीत उतरवायचं. हात जरा हलला की बलक फुटायचा. एकदा माझ्याकडून लागोपाठ फुटले तेव्हा तुम्ही माझ्या हातातलं भांडं काढून घेतलंत. "घरी जा. उद्या ये. आज तुझं लक्ष कुठे आहे ते मला विचारायचं नाही, पण इथे नाही." ओझरच्या बसमध्ये मी रडत गेले.  दुसऱ्या दिवशी तुम्ही नुसतं भांडं माझ्यासमोर सरकवलंत.

गंमत म्हणजे तुम्ही स्वतः जन्मात अंडं खाल्लेलं नव्हतं. दिवसभर अंडी फोडायचात आणि देवळाली कॅम्पला घरी गेल्यावर आधी न्हाणीघरात, मग स्वयंपाकघरात. शेडची वीज गेली की आपण सगळ्या नळ्या बर्फात घालून तुमच्या घरच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवायचो. तुमच्या आई दारात उभ्या राहून बघायच्या. "दह्याशेजारी नको गं," एवढंच त्या म्हणाल्या होत्या, आणि मग त्यांनी त्या फ्रीजमधलं दही खाणंच सोडलं. तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाहीत. त्यांच्यासाठी मातीच्या भांड्यात वेगळं दही लावू लागलात. त्या स्वयंपाकघरात तुम्ही मला वरणभात वाढलात, वर तूप, आणि लिंबाची फोड आपल्या हाताने पिळलीत. शेडमधल्या बाई त्या कोण आणि या कोण, असं मला वाटलं होतं.

शेडवर मामा आणि मामी होते. कॉलेजातल्या शिपायाला मामा म्हणायची आपली पद्धत, ती तिथवर आली होती. दोघं सुरगाण्याकडच्या डोंगरातले. आधी दरवर्षी द्राक्षाच्या हंगामाला मजुरीला उतरायचे, मग तुम्ही त्यांना कोंबड्या सांभाळायला कायमचं ठेवून घेतलंत. मामा माणसांशी कमी बोलत, कोंबड्यांशी भरपूर. टोचायच्या दिवशी ते कोंबडी काखेत धरायचे आणि तिच्या डोळ्यांवर हात ठेवायचे. "बघू नको बाय, झालंच." खाद्याच्या खोलीत उंदीर होतात, उंदरांमागे साप येतात, म्हणून तुम्ही त्यांना गमबूट आणून दिले होते. मामांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून खिळ्याला टांगून ठेवले. गावाकडे लग्नाला घालून गेले एकदा. तुम्ही रागावलात की म्हणायचे, "लय चांगलं हायत मॅडम. चिखलात कशाला खराब करायचं?"

आता त्या दिवसाकडे येते. मी येणारच होते, उगाच गावभर फिरतेय.

आपल्याला हवा होता बलक. पांढरं आपण बादलीत ओतून टाकायचो. एक दिवस मामा दारात येऊन म्हणाले, "मॅडम, हे टाकू नका. आमी खातो." तुम्ही आधी साफ नाही म्हणालात. मग दोन दिवस विचार केलात, बसून हिशोब मांडलात की कोंबडीला जातं ते विष किती कणभर आणि त्यातलं अंड्यात काय उतरणार, आणि तिसऱ्या दिवशी म्हणालात, न्या, नीट शिजवून खा. मामा बादली घेऊन गेले खरे. पण मामींनी ती चुलीपाशी येऊ दिली नाही. विषाच्या कोंबडीचं आपण खायचं नाय, मेलो तर पोरांना कोण, असं त्यांचं चाललं होतं. मामा बिचारे बादली घेऊन दारात उभे. हे मी तुम्हाला येऊन सांगितलं, हसतच सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. हात धुतलेत, पदर खोचलात, आणि तडक त्यांच्या खोलीत जाऊन मामींसमोर पाटावर बसलात. "करा आम्लेट. मी खाते आधी."

मला वाटलं मामी घाबरून करणार नाहीत. त्यांनी केलं. कांदा, हिरवी मिरची, पांढऱ्याचं फिक्कं आम्लेट, तव्यावर थोडं करपलेलं. तुम्ही डावा हात मांडीवर घट्ट धरलात, डोळे मिटलेत आणि एक घास तोंडात घातलात. चावलात. गिळलात. तुमच्या गळ्याची हालचाल मला अजून दिसते. मग डोळे उघडून तुम्ही मामांकडे बघितलंत आणि जन्मात पहिल्यांदा माझ्यासमोर थट्टा केलीत. "खा मामा, बिनधास्त खा. वर्षभर ही अंडी खाल्लीत ना, तर घोणस चावली तरी चक्कर तिलाच येईल." मी इतकी हसले की मला ठसका लागला. तुम्हीही हसलात, दात दिसेपर्यंत. मामा-मामी हसले नाहीत, हे माझ्या लक्षात यायला पुढे फार उशीर झाला. ती दोघं एकमेकांकडे बघत होती आणि मान डोलवत होती. त्यांना तुम्ही थट्टा करता हे ठाऊकच नव्हतं, मॅडम. आम्हाला तरी कुठे होतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की या बाई खोटं बोलत नाहीत, आणि बोलल्या ते स्वतः खाऊन बोलल्या.

तेव्हापासून रोज त्यांच्या चुलीवर पांढऱ्याचं आम्लेट होऊ लागलं. मामांच्या गालांवर जरा मांस आलं. तुम्ही ते बघून खूश व्हायचात, मला म्हणायचात, "बघ, बादलीत जात होतं." त्या अंड्यांत जे काही होतं ते सगळं बलकात होतं. पांढऱ्यात जवळजवळ काही नव्हतंच. आणि असतं तरी पोटात गेल्यावर काही उरलं नसतं. तुम्हाला आणि मला हे इतकं उघड होतं की ते कुणाला सांगावं लागतं असं दोघींपैकी एकीलाही कधी वाटलं नाही.

दिवाळी तोंडावर आली होती. मामी भात कापणीला गावी गेल्या होत्या. मी सकाळी तुमच्या कॉलेजात उंदरांच्या चाचणीत अडकले होते. विषात आपला बलकाचा अर्क मिसळून उंदरांना दिला होता आणि ते जगतात का बघत होते. ते जगले होते. तीन वर्षांत पहिल्यांदा सगळेच्या सगळे जगले होते. ही बातमी मामांना सांगायची म्हणून मी दुपारची बस धरून शेडवर गेले. मामा दारात बसले होते आणि थुंकत होते. तांबडं थुंकत होते. मला वाटलं, पान खाल्लंय. मी म्हटलंसुद्धा, "काय मामा, दिवाळी आजच?" मग त्यांनी मान वर केली आणि हिरड्यांतून रक्त येताना दिसलं. उजवा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. घोट्यापाशी फडकं बांधलेलं. सकाळी खाद्याची पोती हलवताना घोणस चावली होती. कुकरसारखी फुसफुसली, मगच दिसली, म्हणाले. त्यानंतर त्यांनी कोंबड्यांना पाणी दिलं होतं, खाद्य दिलं होतं, अंडी गोळा करून खोलीत नेऊन ठेवली होती. खिळ्याला बूट तसेच टांगलेले होते.

शेजारच्या मळ्यातल्या माळीदादांचा टेम्पो झेंडू भरून मार्केटला निघाला होता. त्यांनी एक शब्द न विचारता अर्धी फुलं बांधावर ओतली आणि आम्हाला मागे घेतलं. वाटेत बूथवर थांबून तुमच्या घरी फोन लावला. तुमच्या आई म्हणाल्या, पाठवते. मामांचं डोकं मी मांडीवर घेतलं होतं. मी रागावले त्यांच्यावर, खरंच रागावले. "मामा, सकाळीच का नाही सांगितलंत? रस्त्यावर येऊन कुणालाही हात केला असता." त्यांनी मलाच समजावलं. "काय सांगायचं त्यात, ताई? मॅडम बोलल्या व्हत्या ना. वरीसभर खाल्लं तर काय होत नाय. वरीस कवाच झालं. उतरंल आपसूक, तुमी रडू नका." मग जरा वेळाने, "मॅडम खोटं नाय बोलत." मग पाणी मागितलं. माळीदादांनी बाटली मागे दिली.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी करायचं ते सगळं केलं. रक्त काचेच्या नळीत घेऊन ठेवलं, ते गोठलंच नाही, म्हणजे विष भिनलं होतं. घोड्याचं औषध लगेच लावलं, आणि मामांना त्याचा काहीही त्रास झाला नाही. ज्या त्रासासाठी आपण तीन वर्षं कोंबड्या पाळल्या, तो त्यांना झालाच नाही. पण तोवर मूत्रपिंडं गेली होती. सकाळीच आणलं असतं तर, डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या खाटेकडे वळले. तुम्ही पोचलात तेव्हा मी व्हरांड्यात होते. मी तुम्हाला बाजूला घेऊन म्हटलं, मॅडम, आपल्या फ्रीजमधलं देऊन बघू या का, आज उंदीर जगलेत. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी भिंतीला टेकले. "अक्कल गहाण टाकलीस का? ते औषध नाही. उंदीर जगला म्हणून माणसाला टोचायचं नसतं. पुन्हा हे तोंडातून काढू नकोस." मी तेव्हा तुमचा द्वेष केला. आज मी सातपूरला एका औषध कारखान्यात तपासणीचंच काम करते, आणि रोज कुणाला ना कुणाला तुमच्याच आवाजात नाही म्हणते. तुमचं बरोबर होतं. तुमचा कडकपणा कधी कुणाच्या जिवावर उठला नाही.

मामांची शुद्ध पहिल्याच रात्री गेली, मामी गावाहून पोचल्या त्या त्यानंतर, आणि चौथ्या की पाचव्या दिवशी मामा गेले. त्याआधी तुम्ही मला तीनदा विचारलंत, "त्यानं सकाळीच का नाही सांगितलं?" मी दरवेळी मान खाली घातली. तुम्हीच मग उत्तर शोधलंत. गावाकडची सवय, ही माणसं दवाखान्याला भितात, भगताची वाट बघतात, दिलेले बूट खिळ्याला टांगतात. पुढच्या उन्हाळ्यात एका कार्यशाळेत तुम्ही व्यासपीठावरून हेच सांगितलंत. आमच्या शेडवरचा माणूस, सर्पदंशाच्या औषधाशेजारी राहत होता, आणि अज्ञानापायी गेला. लोकांनी हळहळून माना हलवल्या. मी दुसऱ्या रांगेत मूग गिळून बसले होते. अज्ञान नव्हतं हो ते, मॅडम. विश्वास होता. मामांनी त्यांच्या आयुष्यात भेटलेल्या सगळ्यात शिकलेल्या माणसाचा शब्द पाळला होता. मी उठून उभी राहायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. मी उठले नाही, कारण मला तसं बजावलेलं होतं.

दिवाळीनंतर मी त्यांच्या गावी गेले होते. पेठपर्यंत एसटी, पुढे एका जीपमध्ये, मग पायी. मामी अंगणात भात पाखडत होत्या. थांबल्या नाहीत, मला सुपाशेजारी बसायला जागा केली. बऱ्याच वेळाने विचारलं, "शेवटी काय बोललं का?" मी ठरवून गेले होते की सांगायचं नाही. पण त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं, टेम्पोतलं प्रत्येक वाक्य. सूप क्षणभर हवेत राहिलं. मग पुन्हा चालू झालं. "रोज मीच करून घालायची," त्या म्हणाल्या. "आधी मीच नको नको करायची. आन मग मीच ताटात वाढायची, खावा, खावा." मी म्हटलं, मामी, मी मॅडमना सांगते, त्यांना कळायला पाहिजे. तेव्हा मात्र सूप खाली ठेवलं. "नको. तिला सांगू नको. जन्मात कधी शिवली नाय ते तिनं आमच्यापायी तोंडात घातलं. डोळं मिटून घातलं. मी बघितलंय. तिला कशाला? मी हाय की." मग माझा हात धरला. हात खरबरीत होता, तुसाने भरलेला. "नाय सांगणार म्हण." मी म्हटलं, नाही सांगणार.

तुम्ही त्यांच्यासाठी काय काय केलंत ते मला माहीत आहे. त्यांच्या मुलीला आश्रमशाळेत घातलंत, दरवर्षी स्वतः जाऊन कपडे देऊन आलात. मामी तुम्हाला नागलीची भाकरी वाढायच्या, तुम्ही जेवायचात, आणि परत येऊन मला सांगायचात की किती साधी माणसं आहेत. मामी समोर बसून काय काय गिळत असतील हे मला ठाऊक होतं आणि तुम्हाला नव्हतं. तुमच्यावर मी कितीतरी वर्षं चिडले होते ते त्यासाठी. आजही चिडलेय, लपवत नाही.

शेडचं काम आणखी दोन वर्षं चाललं, मग पैसे येणं थांबलं. उंदीर जगत राहिले. माणसापर्यंत ते औषध गेलंच नाही. तुम्ही आजारी पडलात तेव्हा देवळालीच्या त्याच घरात, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत तुमची खाट होती. मी शेवटची आले त्या दिवशी तुम्ही भिंतीकडे बघत विचारलंत, "टेम्पोत तो काही बोलला होता का गं?" इतक्या वर्षांनी. मी म्हटलं, "पाणी मागितलं, मॅडम." ते खोटं नव्हतं. "तेवढंच?" "तेवढंच."  मग म्हणालात, "मी एकदाच अंडं खाल्लं. चव गेली नाही तोंडातली." मी पाण्याचं भांडं पुढे केलं. तुम्ही प्यायला नाहीत. तुम्हाला संशय होता, आणि तो किती दिवसांपासून होता कुणास ठाऊक, हे मला त्या क्षणी कळलं. खरं ऐकायची तुमची तयारी होती की तसं काही नव्हतंच हे ऐकायची तुमची आशा होती, ते मात्र कळलं नाही. मामींचा खरबरीत हात आठवला आणि मी तुमचं पांघरूण सारखं केलं.

हे कुठे पाठवायचं नाही. तुम्ही गेलात, पत्ता उरला नाही, म्हणून नव्हे. मामी अजून आहेत, आणि शब्द त्यांना दिलेला आहे. लिहून झालं की फाडून टाकेन. काल त्या सभागृहात लोक हसले तेव्हा मला वाटलं होतं की तुमच्यावरचा सगळा राग एकदाचा कागदावर ओतावा आणि मोकळं व्हावं. ओतला. पण एक गोष्ट तशीच राहिली, ती सांगते आणि थांबते. इतकं सगळं ठाऊक असूनही, तुमची आठवण काढायला बसले की मला खाटेवरच्या तुम्ही आठवत नाही, व्यासपीठावरच्या तर नाहीच. मामींच्या खोलीत पाटावर बसलेल्या, डोळे घट्ट मिटून तो घास चावणाऱ्या आणि मग दात दिसेपर्यंत हसणाऱ्या तुम्ही आठवता. त्या दिवसाने मामांचा जीव घेतला, आणि माझ्यापाशी असलेला तुमचा सगळ्यात चांगला दिवस तोच आहे. मी दुसरा शोधून बघितला, मॅडम. सापडत नाही.